गोदाकाठचा सिंह

७ सप्टेंबर १९६४, सोमवार. अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी होती आणि रात्री एनबीसी वाहिनीवर ‘डेव्हिड अँड बाथशेबा’ हा जुना चित्रपट चालू होता. मध्येच साठ सेकंदांची एक जाहिरात लागली. गवतात उभी असलेली एक चिमुरडी, हातात डेझीचं फूल. ती एकेक पाकळी खुडते आणि आकडे म्हणते. मोजताना तिची गडबड होते. मधला एखादा आकडा सुटतो, एखादा दोनदा येतो. त्या वयाची मुलं मोजतात तसंच. नवापर्यंत पोचून ती थबकते. तेवढ्यात एका पुरुषाचा कोरडा आवाज उलटे आकडे म्हणू लागतो. दहा, नऊ, आठ... मुलगी मान वर करते, चित्र तिथेच थांबतं, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या दिशेनं पुढे पुढे सरकतो आणि बुबुळाचा काळा रंग पडदाभर पसरतो. शून्य. अणुस्फोट. आगीच्या लोळांवर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज येतो: एकमेकांवर प्रेम करायला शिकलो नाही तर मरण अटळ आहे, अशा अर्थाचा. शेवटी ३ नोव्हेंबरला जॉन्सन यांना मत द्या, एवढं आवाहन.

जॉन्सन यांचे प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नाव या साठ सेकंदांत कुठेही येत नाही. त्यांचा फोटो नाही, पक्षाचा उल्लेख नाही, त्यांच्यावर आरोप नाही. तरीही पाहणाऱ्या प्रत्येकाला कळलं की ही जाहिरात गोल्डवॉटरविषयी आहे. हे कळण्यासाठी लागणारा ऐवज लोकांच्या मनात आधीच होता. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आलं, त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. शाळकरी मुलांकडून बाकाखाली लपण्याच्या कवायती करून घेतल्या जात होत्या. रणांगणावरच्या सेनापतींना छोटी अण्वस्त्रं वापरण्याची मुभा असावी, असं गोल्डवॉटर स्वतः बोलून गेले होते. जाहिरातीनं फक्त काडी ओढली.

पैसे मोजून ती एकदाच दाखवली गेली. गोल्डवॉटरच्या पक्षानं आरडाओरडा केला, मग बातम्यांच्या कार्यक्रमांनी ती बातमी म्हणून पुन्हा दाखवली आणि ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती मुलगी झळकली. जाहिरातीच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा होता ते ध्वनितज्ज्ञ टोनी श्वार्ट्झ पुढे आयुष्यभर एकच सिद्धान्त मांडत राहिले: श्रोत्याच्या डोक्यात नवी माहिती कोंबण्याच्या फंदात पडू नये, त्याच्या आत जे आधीच साठलेलं आहे ते झंकारेल असं काहीतरी करावं.

त्याच प्रचारात जॉन्सन यांच्या बाजूनं आणखी एक जाहिरात आली होती. त्यातही लहान मुलगी होती, हातात आइस्क्रीम होतं. एक बाई समजावणीच्या सुरात सांगत होती की अणुचाचण्यांतून स्ट्रॉन्शियम-९० नावाचं द्रव्य हवेत जातं, ते मुलांच्या अन्नात उतरतं, चाचण्या थांबवण्यासाठी १९६३ साली करार झाला आणि गोल्डवॉटर यांनी त्याविरुद्ध मत दिलं. सगळं स्पष्ट, नावानिशी, पडताळून पाहता येईल असं. ही जाहिरात आज अभ्यासकांखेरीज फारशी कुणाला आठवत नाही. जिच्यात काही सांगितलंच नव्हतं ती मात्र साठ वर्षं टिकली.

याचं कारण शोधायला मराठी वाचकाला मॅनहॅटनपर्यंत जायची गरज नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा सप्तशतीत, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या त्या संग्रहात, गोदावरीकाठची एक गाथा आहे. एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला रोज नदीकाठच्या झाडीत येतो. तिथल्या कुत्र्याला तो घाबरतो. एक बाई त्याला सांगते की महाराज, आता खुशाल हिंडा, त्या कुत्र्याला झाडीत राहणाऱ्या सिंहानं मारून टाकलं. शब्द म्हणतात, ‘या’. अर्थ होतो, ‘पाऊल टाकू नका’. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोक’ लिहिला तेव्हा ध्वनीचं, म्हणजे न बोलता सूचित होणाऱ्या अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा निवडली. वाच्यार्थ एक आणि व्यंग्यार्थ नेमका उलटा, आणि तो उलटा अर्थ कुणीही उच्चारलेला नाही. ऐकणाऱ्यानं तो स्वतः घडवला आहे. स्वतः घडवला म्हणूनच तो त्याला पटतो.

टीकाकारांनी या बाईचा डाव उलगडून ठेवला आहे. ती झाडी म्हणजे तिच्या भेटीगाठींची जागा. तिला तिथे तिसरं माणूस नको आहे. आणि तो सिंह? तो बहुधा नाहीच. तिच्या बोलण्यापलीकडे त्याचा काही पुरावा नाही.

इथे अलंकारशास्त्रात एक लढाई झाली आणि राजकीय जाहिरातींच्या संदर्भात ती आजही वाचण्यासारखी आहे. अकराव्या शतकातल्या महिमभट्टांनी ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात ध्वनीचा सिद्धान्त मोडून काढायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं असं की यात अर्थ सुचवणारी वेगळी शक्ती, व्यंजना-फिंजना काही नाही, हे साधं अनुमान आहे. झाडीत सिंह आहे, भित्र्या माणसानं सिंहाजवळ जाऊ नये, म्हणून यानं जाऊ नये. धूर दिसला की अग्नी कळतो, तसंच. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटांनी याला उत्तर दिलं. ते म्हणाले, अनुमान म्हणायचं तर हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, पक्का लागतो आणि इथे तो चारही बाजूंनी गळका आहे. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या आज्ञेनं किंवा प्रेमापोटी धोक्याच्या जागी जातो. कुत्र्याला घाबरणारा सिंहाला घाबरेलच असंही नाही. आणि मुख्य म्हणजे सिंह आहे हे ना डोळ्यांनी पाहिलं, ना तर्कानं सिद्ध झालं, ते फक्त त्या बाईच्या तोंडून कळलं. मग ज्ञान म्हणून याची किंमत काय?

मम्मटांना काव्य वाचवायचं होतं. अनुमान म्हणून जे टिकत नाही ते व्यंजना म्हणून सुंदर ठरतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. पण मतदाराच्या बाजूनं पाहिलं की त्यांचा युक्तिवाद अंगावर येतो. त्याचा अर्थ असा होतो की मनावर पक्की ठसणारी समजूत आणि पुराव्यानं सिद्ध होणारं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीशिवाय तयार करता येते. कवितेत यानं कुणाचं बिघडत नाही. निवडणुकीत माणसं या समजुतीवर राज्य सोपवतात.

मग प्रश्न उरतो तो असा: जे बोललंच नाही, त्याला जबाबदार कोण?

जाहिरातदारांचं नेहमीचं उत्तर तयार असतं. आम्ही कुठे काय म्हणालो? फूल दाखवलं, स्फोट दाखवला, जोडणी प्रेक्षकानं केली. हे उत्तर फेटाळायला महाभारतानं कधीच आधार देऊन ठेवला आहे. द्रोणपर्वात भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि युधिष्ठिर द्रोणांना ‘अश्वत्थामा मेला’ असं सांगून हत्तीचा उल्लेख हळूच करतो. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर त्यात असत्य शोधावं लागेल. तरी त्या क्षणापर्यंत जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो, आणि स्वर्गारोहण पर्वात त्याला नरक पाहावा लागतो, कारण द्रोणांना त्यानं व्याजानं फसवलं. महाभारतकार शब्दांचा हिशेब मागत नाहीत. द्रोणांच्या मनात जो अर्थ उमटावा म्हणून ते वाक्य रचलं गेलं, त्या अर्थाचा हिशेब मागतात.

युरोपात याच मुद्द्यावर वेगळा सूर आढळतो. खोटं बोलण्याला कोणत्याही परिस्थितीत मुभा न देणारा तत्त्वज्ञ म्हणजे इमॅन्युएल कांट. १७९४ साली प्रशियाच्या राजानं त्यांना धर्मावर लिहायला बंदी केली तेव्हा त्यांनी ‘महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन’ या नात्यानं मौनाचं वचन दिलं. १७९७ मध्ये राजा वारला. पुढच्या वर्षी कांट यांनी धर्माचा विषय पुन्हा हाती घेतला आणि सांगून टाकलं की ते शब्द आपण मुद्दाम योजले होते. वचन त्या राजाच्या हयातीपुरतंच होतं. दिशाभूल आणि असत्य यांच्यात कांट यांनी रेघ ओढली, आणि आजचे निवडणूक कायदे बहुतेक त्याच रेघेवर उभे आहेत. राजसत्तेपुढे एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकासाठी ती रेघ समजून घेता येते. सत्ता मागायला निघालेल्या पक्षाच्या बाबतीत महाभारताचाच निकाल योग्य आहे.

किती योग्य, ते १९८८ च्या अमेरिकी निवडणुकीत दिसतं. जॉर्ज बुश यांच्या प्रचारानं एक जाहिरात दाखवली: तुरुंगाचं फिरतं दार, एका बाजूनं कैदी आत जातात आणि लगेच दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात. निवेदक सांगतो की मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांच्या धोरणानं खुनाच्या गुन्हेगारांना सप्ताहअखेरची रजा मिळाली. त्याच वेळी पडद्यावर अक्षरं उमटतात: २६८ पळाले. वाक्य खरं. आकडाही खरा. पण दोन्ही एकत्र पाहणारा मनात म्हणतो, २६८ खुनी मोकाट सुटले. त्या २६८ मध्ये खुनाच्या गुन्ह्यातले कैदी हातावर मोजण्याइतके होते, आणि रजेची ही योजना सुरू झाली होती डुकाकिस यांच्या आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात. जाहिरातीत काही खोटं सांगितलेलं नव्हतं. खोटा होता तो अर्थ, आणि तो दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून तयार केला होता.

आपल्याकडे १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसनं वर्तमानपत्रांतून ज्या मोठ्या जाहिराती दिल्या, त्यांचा विषय देशाची अखंडता हा होता. देशाची सीमा अखेर तुमच्या उंबरठ्यापर्यंत येणार का, असं एक जाहिरात विचारत होती. दुसरीत प्रश्न होता की परराज्यातला चालक असलेल्या टॅक्सीत बसताना तुम्हाला अस्वस्थ का वाटावं? त्या प्रश्नात ‘शीख’ हा शब्द नव्हता. वाच्यार्थ घेतला तर ते ऐक्याचं आवाहनच होतं. पण महिन्या-दीड महिन्यापूर्वी इंदिरा गांधींच्या हत्येनंतर एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यांप्रमाणे, २७३३ शीख माणसं मारली गेली होती. शीख टॅक्सीचालक शहरात सगळ्यांच्या नजरेत भरणारा होता. वाचणाऱ्याला कोणता चेहरा आठवणार, हे जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं, असं मानणं अवघड आहे. ज्या समाजाची माणसं नुकतीच जाळली गेली, त्याच समाजाविषयीची भीती ऐक्याच्या नावाखाली चाळवणं ही त्या प्रचाराची नैतिक पडझड होती. काँग्रेसला त्या निवडणुकीत चारशेहून अधिक जागा मिळाल्या. जाहिराती नसत्या तरी सहानुभूतीच्या लाटेवर पक्ष जिंकलाच असता, हे जवळपास सगळेच मान्य करतात. म्हणजे हे न करताही भागलं असतं.

परिणामकारकतेचा मुद्दा इथे नीट पाहायला हवा. जॉन्सनसुद्धा सप्टेंबर १९६४ मध्ये मतचाचण्यांत खूप पुढे होते. ५० पैकी ४४ राज्यं त्यांनी जिंकली ती एका फुलामुळे नव्हे. २००६ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिक पेरी यांच्या प्रचारानं संशोधकांना मोठीच मुभा दिली: कोणत्या भागात कोणत्या आठवड्यात टीव्ही जाहिराती लावायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. निष्कर्ष असा निघाला की जाहिरातींचा मतदारांच्या पसंतीवर परिणाम चांगलाच होतो आणि आठवड्याभरात तो ओसरतो. लक्षात राहणं आणि मत फिरवणं यांत अंतर आहे, हे २००४ च्या भाजपच्या ‘इंडिया शायनिंग’ प्रचारानंही दाखवलं. ते घोषवाक्य आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. पण ज्या घरात चकाकी पोचलीच नव्हती तिथल्या माणसाच्या मनात झंकारायला काही नव्हतं, आणि भाजप १३८ जागांवर थांबला, काँग्रेस १४५ वर गेली.

मताचा प्रश्न असा आठवडाभरात निकालात निघत असेल, पण मनात उमटलेल्या चित्राचं तसं नसतं. म्हणूनच खरी काळजी आहे ती सिंहाची. निवडणूक संपते, विजयी उमेदवार शपथ घेतो, आणि झाडीत सिंह आहे ही समजूत मतदाराकडे तशीच राहते. टॅक्सीत बसताना ती आठवते, घर भाड्यानं देताना आठवते.

कायद्याचे हात इथपर्यंत पोचत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याबद्दल जाणूनबुजून केलेलं खोटं विधान पकडतं. विधानच नसेल तर काय पकडणार? सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानंतर टीव्हीवरच्या राजकीय जाहिराती आधी समितीकडून प्रमाणित करून घ्याव्या लागतात. अर्जासोबत जाहिरातीच्या प्रती आणि तिची साक्षांकित लेखी संहिता जोडायची असते. संहितेत शब्द येतात. कोणत्या शब्दावर कोणतं चित्र होतं आणि ते कोणत्या महिन्यात लोकांसमोर येणार होतं, हे संहितेत कितीसं उतरणार? समितीतल्या माणसांनी जाहिरात पाहताना व्यंग्यार्थही विचारात घ्यायला हवा. त्यात अधिकाऱ्याच्या लहरीला वाव मिळेल हा धोका खरा आहे, आणि म्हणून हे काम पूर्णपणे समितीवर सोडूनही चालणार नाही. मम्मटांचा प्रश्न मतदारालाच विचारावा लागेल: सिंह कुणी पाहिला?

हा प्रश्न विचारूनही व्यंजना टिकते, असं एक मोठं उदाहरण चिलीचं आहे. १९७३ च्या लष्करी उठावापासून सत्तेवर असलेले हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे यांनी ५ ऑक्टोबर १९८८ ला सार्वमत घेतलं: मी आणखी आठ वर्षं राहू की नको? ‘नको’ म्हणणाऱ्यांना टीव्हीवर २७ रात्री, रोज १५ मिनिटं मिळाली. त्यांनी इंद्रधनुष्याचं चिन्ह घेतलं आणि आनंद येतो आहे असं सांगणारं गाणं केलं. विरोधकांच्या आघाडीतच यावर वाद झाला. माणसं मारली गेली, बेपत्ता झाली, आणि तुम्ही आनंद कसला विकता? हा आक्षेप खोटा नव्हता, आणि उत्तर त्या पंधरा मिनिटांतच मिळालं. एका रात्री पडद्यावर बेपत्ता माणसांच्या घरच्या बाया आल्या आणि ‘क्वेका’ नाचल्या. क्वेका हा जोडीचा नाच. १९७९ मध्ये पिनोशे सरकारनंच त्याला राष्ट्रीय नृत्याचा दर्जा दिला होता. या बाया एकट्याच नाचत होत्या, हातात रुमाल, समोर रिकामी जागा. त्या जागेवर कोण असायला हवं होतं हे प्रेक्षकानं स्वतः भरायचं होतं. तंत्र तेच, डेझीचं आणि फिरत्या दाराचं. फरक एवढाच की तो न दिसणारा माणूस खराच होता, आणि त्याला नाव होतं.

दुसऱ्या एका भागात तर व्यंजनेचा आधारही घेतला नाही. एक प्रौढ स्त्री कॅमेऱ्याकडे बघून सांगते की तिला घरातून उचलून नेलं, तिचा छळ झाला, शरीरावरच्या जखमा भरल्या पण मनातल्या नाहीत. मग कॅमेरा शेजारी वळतो. तिथे देशाचा लाडका फुटबॉलपटू कार्लोस कास्सेली बसलेला असतो. तो सांगतो की मी ‘नको’ला मत देणार आहे, आणि एक कारण हे की ही माझी आई आहे. इथे प्रत्येक गोष्ट उच्चारलेली आहे, सांगणारा समोर बसलेला आहे, आणि कुणी उलटतपासणी घ्यायची म्हटली तर उत्तर द्यायला तो जागेवर आहे. सरळ बोललेली जाहिरात लोक विसरतात, हा आइस्क्रीमच्या उदाहरणावरून काढलेला निष्कर्ष इथे उलटतो. स्ट्रॉन्शियमबद्दल बोलणारा आवाज कुणाचा होता हे कुणाला माहीत नव्हतं. कास्सेलीच्या आईनं स्वतःचं आयुष्य पुढे ठेवलं होतं.

‘नको’च्या बाजूनं जवळपास ५६ टक्के मतं पडली. जॉन्सन यांच्या विजयानंतर काय झालं, त्याच्याशी चिलीत पुढे जे झालं ते ताडून पाहायला हवं. शांततेचा उमेदवार म्हणून निवडून आलेल्या जॉन्सन यांचे मरीन सैनिक ८ मार्च १९६५ ला व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि १९६८ पर्यंत तिथल्या अमेरिकी सैनिकांची संख्या पाच लाखांवर गेली. चिलीत नव्या लोकनियुक्त सरकारनं १९९० मध्ये रेत्तिग आयोग नेमला. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या अहवालात दोन हजारांहून अधिक मृत आणि बेपत्ता माणसांची नावानिशी नोंद झाली. एकट्या नाचणाऱ्या बायांच्या समोरची जागा जे सांगत होती, त्याला सरकारी दप्तरात पुरावा मिळाला. छळ सोसून जिवंत राहिलेल्यांची मात्र त्या अहवालात गणना नव्हती. त्यासाठी २००४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी वालेच आयोगानं राजकीय कैद आणि छळ सोसलेल्या २७ हजारांहून अधिक लोकांची नोंद केली.